बी बाजू चालू आहे

अहो गायकवाड,

तुमच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात माझ्या हातात माइक दिला, तेव्हा मी तुमच्याबद्दल सात-आठ मिनिटं बोलले आणि जे बोलायला आले होते ते सोडून बाकी सगळं बोलले. तुमचा वक्तशीरपणा झाला, तुमचं अक्षर झालं, खराडीच्या ऑफिसात तुम्ही सगळ्यांच्या आधी येऊन पडदे वर करायचात तेही झालं. लोकांनी माना डोलावल्या. बिबवेवाडीतला तो हॉल चांगला होता, पंखे मात्र फार वाजत होते. तुमच्या फोटोपुढे मी पांढरी फुलं ठेवली आणि पहिल्या रांगेत बसलेल्या वहिनींकडे न बघता मागच्या खुर्चीवर जाऊन बसले.

म्हणून आता लिहायला बसले आहे. तुम्ही हे वाचणार नाही, एवढं मला कळतं. पण माझं आधीचं एक लिखाण तुम्ही वाचलं होतंत आणि त्याखाली सहीही केली होतीत. सगळं तिथूनच सुरू होतं.

आपण नेमकं काय काम करतो, हे मला माझ्या आईला कधी समजावता आलं नाही. तुम्ही एकदा घरी आलात आणि चहा निवायच्या आत समजावलंत. "काकू, एका खोलीत विचार करणारी यंत्रं आहेत आणि दुसऱ्या खोलीत आठवण ठेवणारी कपाटं. मधे केसाएवढ्या काचेच्या तारा. त्यांतून उजेड जातो. तो उजेड चालू-बंद करणारे आम्ही वायरमन." आई खूश झाली. म्हणाली, "मग तिथे मोठं बटण असेल." तुम्ही म्हणालात, "बटण नाही काकू, टाइप करायचं. काळ्या पडद्यावर एक ओळ लिहायची, की तिकडे खालच्या मजल्यावर दिवा जातो." त्यानंतर कित्येक दिवस आई मला विचारायची, "आज किती दिवे घालवलेस?"

आईला तुम्ही दोन रस्त्यांचंही सांगितलं होतं. प्रत्येक यंत्राला कपाटाकडे जायला दोन वाटा असतात, आपण त्यांना ए बाजू आणि बी बाजू म्हणतो. एक बंद पडली तरी दुसरीवरून काम चालू राहतं, वापरणाऱ्याला पत्ताही लागत नाही. दुरुस्तीसाठी एक बाजू आपण होऊन बंद करायची असेल, तर आधी दुसरी जिवंत आहे ना, ते डोळ्यांनी बघायचं. बघायचं म्हणजे बघायचं, हे तुमचे शब्द. आठवून सांगायचं नाही, अंदाजाने तर नाहीच नाही.

आणि तुमची ती रीत! नवीन माणूस पहिल्यांदा बघायचा तेव्हा त्याला वाटायचं ही दोघं खुळी आहेत. पोर्ट, म्हणजे स्विचच्या पेटीत तार खोचायची जागा, बंद करायची ओळ पूर्ण टाइप झाली, की टाइप करणाऱ्याने दोन्ही हात कीबोर्डवरून वर उचलायचे. खरंच वर, खांद्यापर्यंत. मग शेजारी बसलेल्याने ती ओळ अक्षर अक्षर मोठ्याने वाचायची. कुठला स्विच, कुठल्या नंबरचा पोर्ट, बंद की चालू. वाचून झालं की त्याने "हं" म्हणायचं, आणि मगच एंटर दाबायचं. मध्येच कोणाचा फोन वाजला, तर सगळं पुसून पहिल्यापासून. मी एकदा वैतागून म्हणाले होते, "गायकवाड, याला आता उदबत्ती तेवढी लावायची राहिली." तुम्ही म्हणालात, "उदबत्ती तुमच्याकडे लावतात बाई. आम्ही वाचून बघतो."

मला, पेठेतल्या केळकरला, असं तोंडावर ऐकवणारा ऑफिसात दुसरा कोणी नव्हता. मला ते आवडायचं, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. तेही राहिलंच.

आपलं भांडण कायमचं होतं. माझं म्हणणं, आता सगळ्याला रंगीत पडदे आले आहेत, पोर्टचं चित्र दिसतं, त्यावर माउसने टिचकी मारली की काम झालं. तुमचं म्हणणं, टिचकी मारली की मागे काय उरलं? लिहिलेली ओळ उरते. दाबायच्या आधी ती वाचता येते आणि आठ दिवसांनी भांडण झालं तरी वाचता येते. मी म्हणायचे, तुम्ही म्हातारे झालात. तुम्ही म्हणायचात, "बाई, आपल्यात सहा वर्षांचं अंतर आहे, जपून बोला." दर सहा महिन्यांनी हेच भांडण नव्याने व्हायचं आणि कोणी जिंकायचं नाही. आता मी एकटी दोन्ही बाजूंनी भांडते आणि कंटाळा येतो.

तुमच्यामुळे मला त्या खालच्या खोलीची भीती वाटेनाशी झाली. थंडगार खोली, शेकडो सारख्या दिसणाऱ्या तारा, आणि त्यांतली नेमकी एक काढायची. मी वरून ओळ लिहून त्या पोर्टचा दिवा लुकलुकवायचे, तुम्ही खाली उभं राहून फोनवर सांगायचात, "लुकलुकतोय. आता थांबवा. थांबला. पुन्हा." तीनदा खात्री झाल्याशिवाय तुम्ही हात लावला नाहीत. तारेचं टोक पुसायचात, ते तर चष्मा पुसावा तसं. माझ्या नवऱ्याच्या आजारपणात मी दोन महिने अर्धा दिवसच यायचे, तेव्हा वरचं आणि खालचं दोन्ही तुम्ही केलंत. साहेबांच्या कानावर गेलं नाही. त्याचे आभार मी मानले होते, एवढं एक बरं आठवतं.

आता तो शनिवार.

चार वर्षं झाली. दुपारची वेळ, ऑफिसात आपण दोघंच. एका इस्पितळाची यंत्रणा आपल्याकडे होती. तिच्या ए बाजूच्या पोर्टवर चुकांचा आकडा वाढत चालला होता, म्हणजे आतली उजेड पाठवणारी छोटी डबी म्हातारी झाली होती. ती बदलायची. त्यासाठी ए बाजू पाच मिनिटं बंद ठेवायची. नेहमीचं काम. तुम्ही टाइप करत होतात, मी शेजारी. मी संत्रं सोलत होते, हेही लिहून टाकते.

तुम्ही विचारलंत, "बाई, बी?"

मी म्हणाले, "बी बाजू चालू आहे."

मी बघितलं नव्हतं, गायकवाड. बी बाजू बुधवारी संध्याकाळीच गेली होती. तशी सूचना माझ्याच पडद्यावर आली होती. मी निघायच्या घाईत होते, आईला व्यायामाला न्यायचं होतं. मी 'बघितलं' असं बटण दाबलं, म्हणजे ती सूचना गप्प झाली. सकाळी बघू म्हणाले. गुरुवारी सुट्टी होती. शुक्रवारी विसरले. शनिवारी तुम्ही विचारलंत तेव्हा माझ्या डोक्यात मंगळवारची बी बाजू होती, ती चालूच होती.

तुम्ही एरवी दुसऱ्याच्या शब्दावर जात नव्हतात. त्या दिवशी गेलात, कारण तो शब्द माझा होता. मग तुम्ही ओळ लिहिलीत, हात वर केलेत. मी संत्रं खाली ठेवून ती अक्षर अक्षर वाचली. एकही अक्षर चुकीचं नव्हतं. मी "हं" म्हणाले.

मिनिटभरात फोन वाजले. तुम्ही क्षणात पोर्ट परत चालू केलात, मला तुमची बोटं आठवतात. पण तेवढ्यात तिकडच्या यंत्रांनी हाय खाल्ली होती, सगळी पुन्हा सुरू करावी लागली. चाळीस मिनिटं इस्पितळाच्या खिडक्यांवर लोक कागद हातात धरून उभे होते. कोणी दगावलं नाही. हे तुम्ही मला त्या दिवशी तीनदा सांगितलंत. मला! जसा काही धीराची गरज मलाच होती. होतीच म्हणा.

अहवाल मी लिहिला, कारण ऑफिसात माझी भाषा चांगली. त्यात लिहिलं, दुसऱ्या मार्गाची खात्री न करता पोर्ट बंद करण्यात आला. दुसरा मार्ग आधीपासून बंद असल्याचं लक्षात आलं नव्हतं. कोणाच्या लक्षात आलं नव्हतं ते लिहिलं नाही. ओळ तुमच्या नावाने लॉग-इन करून लिहिलेली होती, त्यामुळे नाव आपोआप तुमचं आलं. तुम्ही अहवाल वाचलात, चष्मा काढलात.

"एवढंच?"

"खोटं काही नाहीये त्यात," मी म्हणाले.

तुम्ही चष्मा परत लावलात. "नाही. खोटं काही नाही," म्हणालात आणि सही केलीत.

त्या क्षणी मी तोंड उघडलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार मी इतक्या वेळा केला आहे की आता तो विचारही झिजून गेला आहे. फार काही झालं नसतं. माझी बढती वर्षभर लांबली असती. चार कडक बोलणी. बस. तुमचे मात्र सगळे पासवर्ड काढून घेतले. ज्या माणसाने आम्हाला ती ओळ लिहायला शिकवली, त्याला ती लिहायची बंदी झाली. तुम्हाला तारांना लेबलं लावायला आणि कागदपत्रं नीट ठेवायला बसवलं. तुम्ही नऊला येत राहिलात, सहाला जात राहिलात. आज खाली गेलं की प्रत्येक तारेवर तुमचं लेबल आहे.

आणि मी? मी त्या प्रकारानंतर एक प्रोग्रॅम लिहिला. एक बाजू बंद करायला गेलं की तो आधी दुसरी बाजू स्वतः तपासतो आणि ती मेलेली असेल तर सरळ नाही म्हणतो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तुम्हीही वाजवल्यात, मी बघितलं. नंतर जवळ येऊन म्हणालात, "चांगला झालाय बाई. याला संत्रं खायची सवय नाही." आणि हसलात. मी पण हसले. आपण दोघं त्या दिवशी त्या गोष्टीच्या इतके जवळ आलो होतो, आणि मी म्हणाले, "चला, चहा घेऊ."

मग ते नाव सुरू झालं. कोणी सुरू केलं ते मला माहीत नाही. नव्या पोरांपैकी कोणीतरी म्हणालं, "नीट बघ रे, गायकवाड होईल." दोन्ही बाजू घालवणं म्हणजे गायकवाड करणं. सहा महिन्यांत सगळे म्हणायला लागले. ज्यांना तुम्ही कोण हेही माहीत नव्हतं, तेही. तुमच्यासमोर चुकून म्हणाले की जीभ चावायचे, आणि तुम्ही म्हणायचात, "अरे म्हणा, म्हणा. तेवढंच नाव निघतं माझं." माझंच आडनाव असतं तर ते इतक्या सहज तोंडात बसलं असतं का, हा प्रश्न मला पडायचा. त्याचं उत्तर मला माहीत होतं आणि तुम्हालाही माहीत होतं. त्यावर आपण कधी बोललो नाही. अकरा वर्षं आपण दुनियेतल्या प्रत्येक गोष्टीवर बोललो, ही सोडून.

वाटायचं, सांगू. निवृत्तीच्या दिवशी सांगू. तुमच्या निरोपाच्या भाषणात सगळ्यांसमोर सांगू, असं तर मी मनात लिहूनही ठेवलं होतं, चांगलं लिहिलं होतं. तुम्ही स्वारगेटला बस बदलायला उतरलात आणि तिथल्या बाकावर बसलात ते उठलाच नाहीत. निवृत्तीला दीड वर्ष होतं. माणसाने इतकं वक्तशीर असू नये.

हॉलमधून मी त्या दिवशी ते न सांगताच परत आले. दोन दिवस झोप लागेना. रविवारी सकाळी उठून तुमच्या घरी गेले. वहिनी एकट्याच होत्या, तुमचे शर्ट घड्या करून पिशवीत भरत होत्या. मी चपलाही नीट काढल्या नव्हत्या, तशीच दारात उभी राहून बोलायला लागले. "वहिनी, त्या शनिवारची चूक माझी होती. त्यांनी मला विचारलं होतं, मी न बघता..."

"बसा," वहिनी म्हणाल्या.

मी बसले. त्यांनी हातातल्या शर्टाची घडी पूर्ण केली.

"मला माहितीये. त्यांनी त्याच दिवशी सांगितलं होतं जेवताना. म्हणाले, मी विचारलं, बाई चालू म्हणाल्या, मी बघायला पाहिजे होतं. मी म्हटलं, अहो मग साहेबांना सांगा की. तर म्हणाले, त्यांचं त्या सांगतील."

चपला अजून पायातच होत्या, त्या काढून मी बाजूला ठेवल्या.

"मग मी विचारायचे रोज. सांगितलं का हो त्यांनी? ते म्हणायचे, अजून नाही, घरी आई आजारी आहे त्यांची. मग म्हणायचे, अजून नाही, मिस्टरांचं चाललंय काहीतरी. तुमची बाजू तेच मांडायचे. वर्षभराने मी विचारायचं सोडलं." त्यांनी दुसरा शर्ट घेतला. "आमच्या प्राचीच्या ऑफिसात पण म्हणतात म्हणे ते, गायकवाड झालं म्हणून. तुमच्याकडचाच कोणीतरी तिथे लागलाय. हिला म्हणाला, तुझं पण आडनाव तेच ना, जपून हं. ती घरी येऊन बाथरूममध्ये रडली. बाबांना सांगू नको म्हणाली. मी नाही सांगितलं."

मी रडायला लागले तर वहिनी म्हणाल्या, "आता मला सांगून काय उपयोग, ताई? मला माहीतच होतं. जिथे त्यांचं नाव घेतात, तिथे सांगा." आवाज चढवला नाही. पाणी आणून दिलं. चहा विचारला नाही, आणि ते बरोबरच होतं.

सोमवारी सकाळच्या मीटिंगमध्ये मी सांगितलं. सगळं. बुधवार, बटण, संत्रं, माझं उत्तर. जुना अहवाल आता बदलता येत नाही, त्याच्याखाली फक्त पुरवणी जोडता येते. ती मी आदल्या दिवशीच लिहून ठेवली होती, ती वाचून दाखवली. या वेळी कोणी काय केलं ते प्रत्येक वाक्यात लिहिलं आहे. साहेब म्हणाले, "मॅडम, चार वर्षं झाली, आता हे उकरून काय करायचंय?" ओंकार म्हणून एक मुलगा आहे, तुमच्या हाताखाली महिनाभर लेबलं लावायला होता. तो म्हणाला, "पण मॅम, सर तर नेहमी म्हणायचे, चेक करायची रिस्पॉन्सिबिलिटी माझीच होती." मी म्हणाले, "ते म्हणायचे. मी काय म्हणत होते ते विचार."  मग कोणीतरी मागून अर्धवट हसत म्हणालं, "म्हणजे आता केळकर म्हणायचं का?"

मी म्हणाले, "हो. तसंच म्हणा."

मला वाटलं होतं, सांगून टाकलं की हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. नुसता थकवा आला, लांबच्या प्रवासाहून आल्यावर येतो तसा. वहिनींना फोन करून कळवलं. त्या "बरं" म्हणाल्या. प्राचीला मी स्वतः पत्र लिहिलं आहे आणि ती पुरवणी सोबत जोडली आहे. तिचं उत्तर आलेलं नाही, आणि तिने ते का द्यावं?

काल दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी पाण्याची बाटली भरायला गेले होते. पलीकडच्या रांगेत दोन मुलं काळ्या पडद्यापुढे बसली होती. एक दुसऱ्याला म्हणाला, "अरे थांब थांब, बी बघ आधी, केळकर होईल." दोघं खो खो हसले. मग मला बघितलं. "सॉरी मॅम." मी म्हणाले, "अरे म्हणा, म्हणा." तुमचेच शब्द माझ्या तोंडात आले. पण हसू काही आलं नाही हो.  जागेवर येऊन बसले, डबा समोर होता, तो उघडवेना.

मी एकदा ऐकलं, गायकवाड. तुम्ही चार वर्षं ऐकलंत, आणि त्यातल्या प्रत्येक दुपारी माझ्यासमोर बसून जेवलात.